आधी खाणं गोळा करा, मग पिसं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गगनबावड्याच्या अलीकडे तुमचं गाव, वरच्या अंगाला जंगल आणि खालच्या अंगाला ऊस. गेल्या दोन वर्षांत जंगलाच्या कडेनं पडलेली साठ-सत्तर पिसं तुम्ही जमवलीत. त्यात शिपाई बुलबुल आहेत, सातभाई आहेत, शीळकरी कस्तुर आहे, दोन-तीन पिसं राखी धनेशाची आहेत. पिसाच्या रसायनावरून पक्ष्यानं काय खाल्लं ते कळतं, असं कुणीतरी सांगितलं. आता ही पिसं कुठं पाठवावीत, आणि डोंगरातली पाखरं उसावर जगायला लागलीत का हे त्यातून ठरेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

ठरू शकतं. पण आज तुमच्या हातात जेवढं आहे तेवढ्यावर नाही. पिसं हा पुराव्याचा अर्धा भाग आहे, आणि खरं तर सोपा अर्धा. दुसरा अर्धा म्हणजे तुमच्या रानात आणि शेतात पक्ष्याला खायला काय काय मिळतं, त्या प्रत्येक गोष्टीचं तेच रसायन. ते मोजलेलं नसेल तर प्रयोगशाळेतून आलेला आकडा कितीही अचूक असो, त्याचा अर्थ लावता येत नाही. मी हे काम वीसेक वर्षं करतोय आणि बरेच अभ्यास नेमके इथंच अडकलेले पाहिलेत. माझा पहिला अभ्यासही त्यातलाच. त्याबद्दल पुढं सांगतो, आधी मुळातली गोष्ट.

निसर्गातल्या कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव अणू कार्बन-१२ चे असतात आणि उरलेला एखादा कार्बन-१३ चा, एका न्यूट्रॉननं जड. ही समस्थानिकं किरणोत्सारी नाहीत, कितीही वर्षं ठेवली तरी तशीच राहतात. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या कार्बनला झुकतं माप देतात, त्यामुळं पानातलं जड-हलक्याचं प्रमाण हवेपेक्षा किंचित वेगळं होतं. हा फरक दर हजारी मोजतात. तुलनेसाठी धरलेलं मूळ माप अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातल्या बेलेम्नाइट नावाच्या नामशेष सागरी प्राण्याच्या जीवाश्माचं आहे. त्यात कार्बन-१३ भरपूर होता, म्हणून झाडापानांचे, किड्यांचे, पिसांचे आकडे ‘उणे’ येतात. उणे २७ म्हणजे त्या मापापेक्षा हजारी २७ नं कमी. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

आता कोल्हापूरचा भाग. हे तंत्र जगात कुठं सगळ्यात चांगलं चालावं, तर जिथं जंगल आणि ऊस एकमेकांना खेटून आहेत तिथं. १९६० च्या दशकात हवाईत आणि ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करणाऱ्या लोकांना दिसलं की ऊस कार्बन वेगळ्याच वाटेनं पकडतो. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ती वाट उलगडून मांडली. तिलाच आज सी-४ म्हणतात. जंगलातली झाडं, भात, भुईमूग, सोयाबीन ही सी-३ वाटेची. त्यांच्यात कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम) हलक्या कार्बनला फार धार्जिणं असतं, त्यामुळं पानाचा आकडा उणे २७ च्या आसपास येतो. उसात पहिली पकड दुसरंच विकर घेतं, त्याला असा पक्षपात फारसा नसतो, आणि मग तो कार्बन पानाच्या आतल्या बंदिस्त पेशींत नेला जातो, जिथं निवड करायला वावच उरत नाही. म्हणून ऊस उणे १२-१३ वर थांबतो. दोन्हींत चौदा-पंधराचं अंतर पडतं आणि यंत्राची चूक ०.१ ते ०.२ एवढीच असते. इतकी ठळक खूण निसर्गात क्वचित सापडते. मधात उसाची साखर मिसळली आहे का हे याच फरकावरून पकडतात, कारण मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक सी-३ असतात.

कोल्हापुरातून गगनबावड्याला जाताना पंचावन्न किलोमीटरांत पाऊस हजार मिलिमीटरवरून पाच हजारांच्या वर जातो. कळे, साळवणपर्यंत दोन्ही अंगांना ऊस, पुढं भातखाचरं वाढत जातात आणि मग अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं दाट रान. ऊस आणि रान जिथं खेटून आहेत तिथं पक्षी काही मिनिटांत इकडून तिकडं जातो. त्यानं कुठल्या ताटात जेवण केलं हे दुर्बिणीतून बघायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. पीस मात्र ते सांगतं, कारण शरीर खाल्लेल्या अन्नातूनच बांधलं जातं. पिसाचं केराटिन हे प्रथिन बनताना आकडा अन्नापेक्षा थोडा वर सरकतो, कार्बनसाठी साधारण दोन ते चार. हॉबसन आणि क्लार्क यांनी १९९२ मध्ये कोंबडीवर्गातल्या आणि कावळ्याच्या जातीच्या पाळीव पक्ष्यांना ठरलेलं खाणं देऊन हा सरक मोजला. नंतर अनेकांनी मोजला, आणि तो जातीनुसार, अन्नानुसार बदलतो हेही दिसलं.

हिशेब कसा होतो ते एका बनवलेल्या उदाहरणानं दाखवतो. समजा तुमच्या जंगलातल्या किड्यांचा आकडा उणे २७ आला, उसातल्या किड्यांचा उणे १२, आणि सरक तीनचा धरला. तर फक्त जंगलावर जगलेल्या बुलबुलाचं पीस उणे २४ यायला हवं आणि फक्त उसातल्या किड्यांवर जगलेल्याचं उणे ९. हातातलं पीस उणे १८ आलं, तर ते जंगलाच्या टोकापासून सहा पावलं सरकलेलं आहे, एकूण पंधरापैकी. म्हणजे त्या पिसातला सुमारे ४० टक्के कार्बन उसाच्या वाटेनं आला. कागदावर एवढं सोपं. आता अडचणींकडे येतो, कारण तुमचं खरं काम अडचणींतच आहे.

पहिली अडचण अशी की उणे १२ म्हणजे ऊसच, असं नाही. मका, ज्वारी, नाचणी, वरी ही सगळी सी-४. तुमच्या वरच्या वाडीत नाचणी होत असेल तर ती आणि ऊस कार्बनच्या डोळ्यांना सारखेच दिसतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरचं गवत. मसाई पठारावर किंवा गगनबावड्याच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या गवतांत सी-४ गवतांचाच भरणा असतो. त्या गवतावरचे नाकतोडे, टोळ, त्यांवर जगणारे पक्षी सगळे सी-४ चा शिक्का घेऊन फिरतात, आणि तिथं उसाचं एक कांडंही नसतं. म्हणून ‘सी-४ आलं म्हणजे पक्षी उसात शिरला’ असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारतो, जवळ सडा आहे का?

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. हुमणी. उसाच्या मुळ्या कुरतडणारी पांढरी, वाकडी अळी आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ही अळी महिनोन्‌महिने मातीत उसाच्या मुळ्या खाऊन वाढते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. आता विचार करा. भुंगेरा झाडावर बसलाय, झाडाचं पान सी-३ आहे, पण भुंगेऱ्याचं शरीर उसाच्या मुळ्यांनी बांधलेलं आहे. त्याला त्या झाडावर टिपणारा पक्षी कधीही उसाच्या सरीत उतरलेला नाही, तरी त्याच्या पिसात ऊस येणार. पक्षी उसाकडे गेला नाही, ऊस उडत पक्ष्याकडे आला. उसाच्या आकड्यावरून ‘या पक्ष्यानं जंगल सोडलं’ असा निष्कर्ष काढणं म्हणूनच धोक्याचं आहे. उलट बाजूनं पाहिलं तर याच गोष्टीतून मोठा प्रश्न विचारता येतो. जंगलाच्या कडेपासून आत किती अंतरापर्यंत उसाचा कार्बन पोचतो? माझ्या मते तुमच्या जागेवरून विचारण्यासारखा खरा प्रश्न हा आहे, ‘पक्षी उसावर जगतात का’ हा नाही. गुऱ्हाळाभोवती रसावर जमणाऱ्या माश्या, गांधीलमाश्या आणि त्यांना टिपणारे वेडे राघू हीसुद्धा त्याच प्रश्नाची एक शाखा. तुमच्या शिवारात गुऱ्हाळ चालू असेल तर त्या माश्याही गोळा करा.

नायट्रोजनकडे येतो. त्याचेही दोन स्थिर प्रकार आहेत, १४ आणि १५. खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजन साठत जातो, दर पायरीला साधारण तीन ते चार दर हजारी. पानापेक्षा अळी वर, अळीपेक्षा कोळी वर, कोळी खाणारा पक्षी त्याहून वर. त्यामुळं कार्बन सांगतो ‘कुठलं’ आणि नायट्रोजन सांगतो ‘कितव्या पायरीवरचं’. दोन्ही एकत्र मांडले की उस-सडा घोटाळाही काही वेळा सुटतो, कारण सड्याच्या गवताला कुणी खत घालत नाही आणि उसाला घालतात.

माझा पहिला अभ्यास राधानगरीच्या बाजूला होता. जंगलाच्या आतले बुलबुल आणि शेताकडेचे बुलबुल, दोन्हींची पिसं. शेताकडेच्या पिसांत नायट्रोजन-१५ स्पष्टपणे जास्त आला. मी ठरवून टाकलं की कडेचे बुलबुल फळं सोडून किड्यांकडे, कोळ्यांकडे वळलेत. लेखही लिहून झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं वाचून एकच प्रश्न विचारला, ‘तिथल्या करवंदाच्या पानाचा आकडा काय आहे?’ माझ्याकडे नव्हता. पुढच्या हंगामात पानं आणि अळ्या आणून मोजल्या, तर शेताकडेची पानंच वर होती. शेणखतातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडतो, जड मागं राहतो आणि बांधावरच्या झाडाझुडपांतून पुढं चढत जातो. बुलबुलांचं खाणं कदाचित अजिबात बदललेलं नव्हतं, फक्त ताटाखालची जमीन बदललेली होती. लेख मागं घेतला. वर्ष गेलं, आणि तुमचं तसं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

युरियाचं उलट असतं. नायट्रोजनसाठी तुलनेचं मूळ माप हवाच आहे, आणि युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो म्हणून त्याचा आकडा शून्याच्या जवळ असतो. भुईमूग, सोयाबीन हवेतूनच नायट्रोजन बांधतात, तेही शून्याच्या आसपास. त्यामुळं एकाच शिवारात शेणखताचा ऊस, युरियाचा ऊस आणि भुईमूग यांचे नायट्रोजन तीन वेगळ्या ठिकाणी असू शकतात. आणखी एक: उपाशी पक्ष्याच्या अंगात जड नायट्रोजन वाढतो, कारण तो स्वतःचेच स्नायू जाळतो. म्हणून एखादंच पीस खूप वर आलं तर ‘हा कोळी खाणारा’ असं म्हणण्याआधी ते पीस कसं दिसतं बघा. उपासमारीत वाढलेल्या पिसावर अनेकदा आडव्या कमकुवत रेघा दिसतात.

पीस हे कुठल्या दिवसांचं बोलतं? हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. रक्त, यकृत, हाड सतत बदलत असतात. लाव्यांवरच्या जुन्या प्रयोगात यकृतातला निम्मा कार्बन अडीच-तीन दिवसांत बदलला, रक्तातला अकरा-बारा दिवसांत, हाडातल्या कोलॅजनला सुमारे १७३ दिवस लागले. पिसाचं तसं नाही. ते वाढत असतानाच रक्ताशी जोडलेलं असतं. पूर्ण वाढलं की दारं बंद. म्हणजे पिसात वर्षभराचं जेवण नसतं, ते उगवलं त्या दोन-तीन आठवड्यांचंच असतं. आपल्याकडचे बरेच रहिवासी पक्षी वीण आटोपल्यावर, पावसाळ्यात आणि त्यानंतर पिसं बदलतात. याचा सरळ अर्थ असा की फेब्रुवारीत वेचलेल्या बुलबुलाच्या पिसात फेब्रुवारीचं काही नाही, त्यात मागचा पावसाळा आहे. ऊसतोडीच्या हंगामात पक्षी काय खातात हा प्रश्न तुम्हाला पिसातून विचारताच येणार नाही, त्यासाठी रक्ताचा थेंब किंवा विष्ठा लागेल.

पण त्या दोन-तीन आठवड्यांच्या आत मात्र पीस फार बारकाईनं बोलतं. शेपटीचं एखादं लांब पीस उजेडात तिरकं धरा. त्यावर फिकट-गडद अशा अंधूक आडव्या पट्ट्या दिसतील. एक फिकट आणि एक गडद मिळून साधारण एक दिवस. टोक आधी उगवतं, बूड शेवटी. टोकापासून बुडापर्यंत तुकडे कापून वेगवेगळे मोजले तर त्या पक्ष्याची जवळजवळ रोजनिशी हाती येते. पहिल्या पावसात भुंगेऱ्यांची लाट येऊन गेली असेल आणि त्याच वेळी पीस वाढत असेल, तर ती लाट पिसाच्या मधल्या भागात पकडता येते. मला या तंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि तरीही ती फार कमी केली जाते, कारण प्रत्येक पिसामागं नमुने पाच-सहापट होतात.

धनेशाचा विषय वेगळा आहे. काही धनेश जातींत ढोलीत कोंडून घेतलेली मादी आतच उडण्याची पिसं झाडते आणि नवी वाढवते. तसं पीस मिळालं तर त्यात तिनं शोधलेलं काही नसतं, नरानं आणून भरवलेलंच असतं. पण धनेशाबद्दल एक सावधगिरी, आणि ती बुलबुलांनाही लागू आहे. पीस म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन बहुतांशी प्रथिनातूनच बांधलं जातं. उंबर, नांद्रुक, करवंद यांत साखर भरपूर, प्रथिनं कमी. पक्षी दिवसभर उंबरं खाईल, ती साखर उडण्यात जाळली जाईल, आणि पिसात मात्र मधल्या वेळेत टिपलेले चार किडेच ठळक दिसतील. म्हणून पिसावरून काढलेल्या ‘आहारात किड्यांचं प्रमाण’ या आकड्याला ‘पिसं बांधायला वापरलेल्या अन्नात’ असे शब्द जोडायलाच हवेत. हे शब्द गाळून फळखाऊ पक्ष्यांना कीटकभक्षी ठरवलेलं मी वाचलंय, आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. मग कडेची उंबरं-नांद्रुकं तोडली तर बिघडलं कुठं, असा युक्तिवाद त्यातून निघतो.

शीळकरी कस्तुर हा तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडता. ओढ्याकाठी राहतो, भर पावसात घरटं करतो, खेकडे, गोगलगायी, बेडूक, किडे, फळं सगळं खातो. ओढ्यातल्या शेवाळाचा कार्बन जमिनीवरच्या पानांच्या हिशेबात बसत नाही, पाण्यातला विरघळलेला कार्बन कुठून आला त्यावर तो हलतो. म्हणजे कस्तुरासाठी जंगल, ऊस, सडा आणि ओढा अशी निदान चार ताटं झाली. दोन मोजमापांवर चार अज्ञातं नेमकी सोडवता येत नाहीत. मिक्सएसआयएआरसारख्या संगणकी आज्ञावली अशा वेळी शक्यतांचे पट्टे देतात. त्या उपयोगी आहेत, फक्त पट्ट्याचा मधला आकडा उचलून तोच निकाल म्हणून सांगू नका. खेकडे आणि गोगलगायी मोजताना कवचातला चुना आधी सौम्य आम्लानं काढावा लागतो, नाहीतर तो कार्बन सगळा हिशेब बिघडवतो. त्याच नमुन्याचा दुसरा भाग आम्ल न लावता नायट्रोजनसाठी ठेवायचा.

जंगलाच्या आतही एकच आकडा नसतो. दाट सावलीत, जमिनीजवळच्या पानांत कार्बन उणे ३० च्या खाली उतरू शकतो आणि शेंड्याकडची पानं त्यापेक्षा वर असतात. म्हणून पानं आणि अळ्या घेताना जमीन, झुडूप आणि शेंडा असे तिन्ही मजले घ्या.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ‘डोंगरातले पक्षी’ म्हटलं की हायड्रोजनचा विषय निघतोच. ढग डोंगर चढताना जड हायड्रोजन आधी पावसात पडतो, त्यामुळं वर जाऊ तसं पावसाचं पाणी हलकं होत जातं, दर शंभर मीटरला साधारण एक ते चार दर हजारी. हे पाणी झाडांतून, किड्यांतून पिसात येतं. १९९७ मध्ये हॉबसन आणि वासेनार यांनी उत्तर अमेरिकेतल्या स्थलांतरी पक्ष्यांची जन्मभूमी अशाच पिसांवरून ओळखून दाखवली. हिमालयात हजारो मीटरांचा चढ आहे, तिथं हे चालतं. आपला घाटमाथा हजार मीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात तर पावसाचा जोर बदलला की आकडा त्याहून जास्त हलतो. तेव्हा स्थानिक पक्ष्यांची उंची हायड्रोजनवरून ठरवायच्या फंदात पडू नका. एक अपवाद आहे. हिवाळ्यात हिमालयातून आपल्याकडे येणारे पाहुणे, उदाहरणार्थ निळ्या टोपीचा शैल कस्तुर. असे पक्षी साधारणपणे निघण्याआधी वीण झाल्यावर पिसं बदलतात. त्याचं पीस दाजीपूरला सापडलं तरी आतलं जेवण हिमालयातलं असू शकतं. ते स्थानिक पक्ष्यांच्या ढिगात मिसळलं तर तुमचा सगळा हिशेब चुकेल.

आता तुमच्या साठ-सत्तर पिसांबद्दल. पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि रानपक्ष्याचं पडलेलं पीसही परवानगीशिवाय जमवून ठेवणं अडचणीचं ठरू शकतं. अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच उचलायचं नाही. तुमच्या महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना बरोबर घेऊन वनक्षेत्रपालांना भेटा, काय जमवलंय ते सांगा आणि पुढच्या कामासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे रीतसर अर्ज करा. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याची परवानगी वेगळी लागते. ती वाट टाळा. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी ही यंत्रं आहेत. मार्गदर्शकांच्या नावानं पत्र लिहिलं की काम पुढं सरकतं.

दुसरी गोष्ट निवडीची. पडलेल्या पिसाची जात ओळखता येते, पण ते कुठल्या पक्ष्याचं, एकाच पक्ष्याची पाच पिसं तर नाहीत ना, हे कळत नाही. सातभाईंच्या एका थव्याखालून वेचलेली दहा पिसं म्हणजे दहा नमुने नव्हेत. एका ठिकाणची, एका दिवसाची, एका जातीची पिसं एकच नमुना समजा. शक्यतो प्रत्येक जातीचं एकच ठरावीक पीस घ्या, सगळी शेपटीची किंवा सगळी अंगावरची. अंगावरची आणि पंखाची पिसं वेगवेगळ्या आठवड्यांत उगवतात, ती मिसळली की दोन ऋतू मिसळले. या चाळणीतून तुमच्या सत्तरांतली पंधरा-वीस उरतील. वाईट वाटून घेऊ नका, सुरुवातीला तेवढी पुरेशी आहेत.

पिसं प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर आजच काढा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांवर बुरशी चढते, आणि बुरशीचा कार्बन वेगळा. कागदी पाकिटं वापरा, पाकिटावर पेन्सिलीनं तारीख, जागा आणि जात लिहा. डांबरगोळ्या ठेवू नका, किडीची भीती असेल तर पाकीट आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवून काढा. प्रयोगशाळेत आधी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या दोनास एक मिश्रणात धुवून पिसावरचं तेल आणि धूळ काढतात. हे द्रव विषारी आहेत, घरी करायचं काम नाही. मग मधली काडी सोडून बाजूच्या पात्याचे तुकडे कातरतात, अर्धा ते एक मिलिग्रॅम वजन करून कथिलाच्या इवल्याशा डबीत दाबतात आणि जाळून निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. निकालाच्या तक्त्यात कार्बन आणि नायट्रोजनचं वजनी गुणोत्तर जरूर मागा. चांगल्या धुतलेल्या पिसात ते ३.२ च्या जवळपास येतं. बरंच वर गेलं तर तेल राहिलंय असं समजा आणि तो आकडा बाजूला ठेवा. किड्यांतली चरबीही कार्बनचा आकडा खाली ओढते, तेव्हा त्यांची चरबी काढून मोजायची की हिशेबात दुरुस्ती करायची, हे प्रयोगशाळेशी आधीच ठरवून घ्या.

आणि पैसे मर्यादित असतील, जे असतातच, तर निम्म्याहून जास्त नमुने अन्नाचे ठेवा. पंधरा पिसं आणि चाळीस अन्ननमुने यातून काही सांगता येतं. सत्तर पिसं आणि पाच पानं यातून येत नाही.

म्हणून पिसांची पाकिटं कपाटात ठेवा आणि यंदाच्या वळवाची वाट बघा. पहिला पाऊस पडला की त्या संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाखाली पांढरी चादर बांधून दिवा लावा आणि भुंगेरे गोळा करा. दुसऱ्या दिवशी तेच जंगलाच्या कडेला, तिसऱ्या दिवशी आत दोनशे मीटरवर, मग पाचशेवर. प्रत्येक ठिकाणचं एक सी-३ झाडाचं पान, एक अळी, एक कोळी, सडा जवळ असेल तर एक नाकतोडा. शेतातून उसाचं पान, मूळ आणि मातीतली हुमणी, आणि त्या शेतकऱ्यानं कुठलं खत किती घातलं याची वहीत नोंद. सगळं कागदात, उन्हात नव्हे तर सावलीत खडखडीत वाळवून. हे झालं की बुलबुलांची पिसं घेऊन या. त्यांचा क्रम कसा लावायचा ते आपण समोरासमोर बसून ठरवू.